सलोनिकाचा तो चौक नक्की कोणाच्या स्वातंत्र्याचा?

प्रश्न : मुलीकडे ग्रीसला गेलो होतो तेव्हा थेसालोनिकीला दोन दिवस राहिलो. बंदराजवळ एक चौक आहे, नाव एलेफ्थेरियास म्हणजे स्वातंत्र्य, पण बघितलं तर नुसतं पार्किंग. जावई म्हणाले १९०८ मध्ये इथे मोठ्या सभा झाल्या, त्यावरून नाव पडलं. म्हणजे ग्रीसचं स्वातंत्र्य का? आणि नुसत्या सभांवरून नाव कसं काय पडतं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही काका, ग्रीसचं नाही. ग्रीक सैन्य त्या शहरात शिरलं ते नोव्हेंबर १९१२ मध्ये, नाव त्याच्या चार वर्षं आधीचं, तेव्हा शहराचं नाव सलोनिका आणि राज्य ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानाचं. सुलतान अब्दुल हमीद दुसरा ह्याने १८७६ ची राज्यघटना दोन वर्षांत गुंडाळून ठेवली आणि मग तीस वर्षं पेपरांवर सेन्सॉर आणि जिथे तिथे खबरे. खबऱ्याच्या चिठ्ठीला जुर्नाल म्हणायचे, आपल्या नावाचं जुर्नाल कधी जाईल ह्याचा नेम नाही, त्यामुळे चार माणसं रस्त्यात थांबून राजकारण बोलणार कुठून? जुलै १९०८ मध्ये एन्वर, नियाझी असे सुलतानाच्याच सैन्यातले तरुण ऑफिसर बंड करून डोंगरात गेले आणि २३-२४ जुलैला सुलतानाला घटना परत आणावी लागली. म्हणून मला वाटतं नाव सभांवरूनच पडायला हवं होतं, कारण उघड्यावर जमता येणं हेच तर लोकांना मिळालं होतं!

आणि जमले कोण तर सगळेच. तुर्क, ग्रीक, बल्गेरियन, आणि सगळ्यात जास्त वस्ती ज्यूंची, १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांचे वंशज, घरात लादिनो बोलायचे म्हणजे जुनी स्पॅनिश पण तुर्की-हिब्रू मिसळलेली, आपण वडोदऱ्याचे मराठी लोक बोलता बोलता गुजराती घालतो ना तसंच. बाल्कनीतून एकामागून एक भाषेत भाषणं, मौलवी, रब्बी, पाद्री एकमेकांना मिठ्या मारतायत, त्या दिवसांची छापील पोस्टकार्डं आहेत त्यात फेज टोप्यांची गर्दी आणि झेंडेच झेंडे.

आता तारीख परत बघा. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस, आणि रस्त्यावर गोळ्या चालल्या. तोच आठवडा आणि दोन्ही बंदरंच, एकीकडे जमले म्हणून मिठ्या आणि एकीकडे गोळी, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सलोनिकालाही ते दिवस फार टिकले नाहीत. तंबाखू कामगार, रेल्वेवाले पगारासाठी संपावर गेले तर ऑक्टोबरमध्येच नव्या सरकारने संपांवर बंधनं आणली. १९१७ मध्ये आगीत शहराचा मधला भाग गेला, ग्रीस-तुर्कस्तानमधल्या १९२३ च्या करारानंतर मुसलमानांना तुर्कस्तानला जावं लागलं. आणि काका, तोच चौक, ११ जुलै १९४२, नाझींनी सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना तिथे बोलावून भर उन्हात तासन्‌तास उभं केलं, हाल केले, आणि पुढच्या वर्षी शहरातल्या ज्यूंना गाड्या भरभरून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, त्यातले फारच थोडे परतले.

त्या पार्किंगच्या कोपऱ्यावर ब्राँझचं एक शिल्प आहे, ज्वाळा आणि माणसं एकमेकांत गुंतलेली, ते ह्याच लोकांचं. तुमच्या फोटोंत आलं असेल तर बघा.