मंगळवार मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला फोन करून विचारलंस, "काकू, पाहुण्यांना रात्रीच्या भाड्याने द्यायला फ्लॅट कुठे घेऊ, नाशिक की कोल्हापूर?" आणि मी तोंड उघडायच्या आत दोन्हीकडची वकिली तूच करून टाकलीस. तुझी एक्सेल शीट दोनदा वाचली. रंग छान भरलेत. एक रकाना तेवढा नाही. मंगळवारचा.

शनिवारी कुठलंही घर भरतं रे. तू महिन्याच्या ६५ टक्के रात्री भरतील असं धरलंयस, म्हणजे वीसेक रात्री. शनिवार-रविवारच्या आठ-नऊ सोड. उरलेल्या अकरा रात्री तुझ्या गादीवर कोण झोपणार? नाव नको, धंदा सांग त्याचा. ३० लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पंधरा वर्षं, म्हणजे हप्ता ३०,४०० च्या आसपास. अडीच हजारांनी आठ रात्रींचे होतात २० हजार, आणि अ‍ॅपचं कमिशन, धुलाई, वीज, मेंटेनन्स त्यातूनच जायचं. हप्ता मंगळवार भरतो बाबा, शनिवार नाही.

नाशिक म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे सिंहस्थ कुंभमेळा नाचतोय. माझ्याही नाचला होता. २०१४ मध्ये पंचवटीत फ्लॅट घेतला, रामकुंडापासून दहा मिनिटांवर. तुझे काका नको म्हणत होते. मी आठ गाद्या आणि बारा पांढऱ्या चादरी आणल्या, पितळी तांबेसुद्धा. पहिली पर्वणी, म्हणजे शाही स्नानाचा दिवस, २९ ऑगस्ट २०१५ ची. गाड्या शहराबाहेर अडवलेल्या, आत जागोजागी बॅरिकेड. एक कुटुंब म्हाताऱ्या आईला घेऊन पायपीट करत दारात पोचलं, ते रागावूनच. एका रात्रीत पैसे परत मागून गेले. दिले मी. तिन्ही पर्वण्या उरकल्या, ऑक्टोबर उजाडला आणि घराला कुलूप लागलं. गोदावरी जागेवर होती, रामकुंड जागेवर होतं. मंगळवारी माणूस नव्हता.

त्र्यंबकला नारायण नागबळीच्या विधीसाठी लोक तीन तीन दिवस राहतात, हे तू शोधून काढलंस, शाबास. पण ते राहतात त्र्यंबकातच, गुरुजींकडे नाहीतर तिथल्या लॉजवर. तुझा फ्लॅट तिथून तीस किलोमीटर. आणि सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, तुझ्या बिल्डरचा ताबा मे २०२७ मध्ये! वेळेवर मिळालेला ताबा मी तरी पाहिलेला नाही. मिळाला असं धरू. १८० हप्त्यांपैकी दोन महिन्यांची सोय झाली. पुढे?

पुढे मी काय केलं ते सांगते, कारण नातेवाइकांत अजून कुजबुज आहे की काकू नाशकात बुडाली. बुडाले नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घर दोन नर्सना दिलं, त्या गेल्यावर एका शिक्षकाला. काका दर दिवाळीला "विकून टाक" म्हणायचे, मी विकलं नाही. भाडं थोडं येतं, पण मंगळवारीही येतं. यात हट्ट होता, मान्य. पण हिशेबही होता.

कोल्हापुरात मंगळवार मोजू नकोस, तो अंबाबाईचा वार, फसशील. तिथे बुधवार मोज. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, तिथे बसतंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, शिवाय कोल्हापूरचे स्वतःचे, इतक्या जिल्ह्यांचे पक्षकार आता तिकडे वळलेत. सावंतवाडीचा माणूस सकाळच्या बोर्डासाठी, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीसाठी, आदल्या रात्रीच येणार. हा झाला बुधवारचा माणूस! त्याला तुझा वेताचा झोपाळा नको, टेबल, चांगला दिवा आणि सकाळी सातला चहा हवा. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, तेव्हा देवदर्शनाची गर्दी असते.

म्हणून लगेच टोकन देऊ नकोस. "दसऱ्याआधी बुक करा" हे एजंट दर दसऱ्याला म्हणतो. तू फोटो पाठवलेली शाहूपुरीतली जागा व्हीनस कॉर्नरजवळ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, ते बिल्डरला विचारू नकोस, खालच्या दुकानदाराला विचार. भिंतीवर हात ठेवून दाखवेल. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर होतं. आणि सोसायटीची परवानगी लेखी घे. माझ्या चेअरमननी तोंडी दिली होती, नंतर लिफ्टमध्ये अनोळखी माणसं दिसतात म्हणून माझ्याच नावाने नोटीस लावली.

येत्या मंगळवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धर. बुधवारी कोर्टाच्या आसपासच्या चार लॉजवर खोली माग, किती ठिकाणी नाही म्हणतात ते लिहून ठेव. मग त्यांच्या लाँड्रीवाल्याला गाठ आणि बुधवारच्या किती चादरी धुवायला येतात ते विचार. रात्री तिथेच झोप. परत आलास की फोन कर, साडेअकराला नको.

त्या बारा चादरींपैकी नऊ माळ्यावर घडी करून ठेवल्यात. कोल्हापूरचं ठरलं तर घेऊन जा.

तुझी,
काकू