वाचकांचे प्रश्न : दिल्लीच्या आधी आग्र्याला उतरावे

ऐतिहासिक शहरांच्या छोट्या, स्वतंत्र गाडी करून केलेल्या सहलींविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे वऱ्हाडातील खेड्यांतून आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी गावातील मंडळींबरोबर आम्ही बसने उत्तरेच्या यात्रेला गेलो होतो. आग्र्याला पोहोचलो तो नेमका शुक्रवार निघाला, त्यामुळे ताजमहाल न पाहताच परतावे लागले. या वर्षी आम्ही घरचेच पाच जण स्वतंत्र गाडी करून दिल्ली, आग्रा आणि जयपूर पाहणार आहोत. सोबत ६८ वर्षांची आई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मुलगा १७ वर्षांचा असून अकरावीत आहे, तर मुलगी १२ वर्षांची आहे. पाच दिवस पुरतील का, आणि केव्हा जावे?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : पाच दिवस पुरतील, मात्र सहलीचा आराखडा शहरांच्या नावांवरून न आखता वारांवरून आखावा लागेल. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. हे दोन वार आधी कागदावर लिहावेत आणि बाकीचे त्यांच्याभोवती बसवावे. गेल्या वर्षी तुमच्या यात्रेच्या आयोजकांनी एवढेच केले असते, तर तुमच्या आईंना आग्र्याहून विन्मुख परतावे लागले नसते.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडील माणूस सवयीने आधी दिल्ली गाठतो, तेथून गाडी करून आग्र्याला येतो आणि आलेल्या वाटेनेच सव्वादोनशे किलोमीटर मागे जातो. नागपूरहून दिल्लीकडे जाणाऱ्या बहुतेक रेल्वेगाड्या भोपाळ, झाशी आणि ग्वाल्हेर करीत आग्र्यावरूनच पुढे जातात. तेव्हा आग्रा कँटला थांबा असलेली गाडी निवडून तेथेच उतरावे, मोटारीने जयपूरमार्गे दिल्लीला यावे आणि परतीची रेल्वे दिल्लीहून धरावी. यात तुमचा जवळजवळ एक दिवस वाचतो.

मंगळवारी संध्याकाळी नागपूर सोडल्यास बुधवारी सकाळी आग्रा येते. त्या दिवशी दुपारपर्यंत आईंना विश्रांती द्यावी, नंतर आग्र्याचा किल्ला पाहावा आणि मावळतीला यमुनेच्या पलीकडील मेहताब बागेत जाऊन बसावे. तेथून नदीपलीकडे ताजमहाल दिसतो आणि गर्दीही बेताची असते. गुरुवारी सूर्योदयाला ताजमहालात शिरावे. न्याहारीनंतर फतेहपूर सिक्री करून संध्याकाळी जयपूर गाठावे. शुक्रवारी जयपूर पाहावे, शनिवारी सकाळ जयपुरातच काढून दुपारनंतर दिल्लीकडे निघावे, आणि रविवारी दिल्ली पाहून रात्रीची गाडी धरावी. असे केल्याने ताजमहालाचा शुक्रवार जयपुरात जातो आणि लाल किल्ल्याचा सोमवार परतीच्या प्रवासात.

दिल्लीसाठी एकच दिवस उरतो, हे मला मान्य आहे. त्या दिवसात लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार या तिन्ही जागा कोंबू नयेत, दोनच पाहाव्यात. मला विचाराल तर मी हुमायूनची कबर सोडणार नाही, कारण ती ताजमहालाचे बांधकाम सुरू होण्याच्या सुमारे ६० वर्षे आधी पूर्ण झाली आणि चारही बाजूंनी बाग, मधोमध उंच चौथरा व त्यावर घुमट ही कल्पना तेथे मोठ्या प्रमाणावर आधीच साकारलेली दिसते. ताजमहाल पाहून आलेल्या डोळ्यांना हे साम्य चटकन कळते. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच आहे. त्यावर चढायला मिळेल असे मात्र मुलांना सांगू नका, १९८१ सालच्या चेंगराचेंगरीनंतर आतील जिना लोकांसाठी बंद आहे.

आईंसाठी थोडे. ताजमहालापासून बरेच अलीकडे मोटारी थांबवतात आणि पुढे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. त्यांतूनच जावे, पायी जाण्याचा हट्ट धरू नये. फतेहपूर सिक्रीत बुलंद दरवाजाच्या उंच पायऱ्या चढण्याऐवजी बादशाही दरवाजाने आत जावे, तेथे पायऱ्या थोड्याच आहेत. जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यावर जीपने जाता येते. हत्तीवरून जाण्याचा आग्रह कोणी केला तरी तो मोडून काढावा. त्यात आईंच्या गुडघ्यांनाही सुख नाही आणि हत्तीलाही.

ताजमहालाचे तिकीट भारतीयांना ५० रुपयांना मिळते आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी २०० रुपये वेगळे पडतात. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, म्हणून मुलीचे वयाचे ओळखपत्र जवळ ठेवावे; मुलाचे तिकीट काढावे लागेल. तिकिटे घरूनच ऑनलाइन काढली तर रांग टळते. तपासणीत खाद्यपदार्थ आणि तंबाखू आत नेऊ देत नाहीत. खर्र्याची पुडी खिशात राहिल्यामुळे रांगेतून बाहेर पडलेले आपल्याकडचे गृहस्थ मी पाहिले आहेत. दशम्या आणि ठेचा रेल्वेतच संपवावा.

केव्हा जावे, याचे उत्तर तुमच्या शेतानेच दिलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीन नुकतेच घरात आलेले असते, कपाशीची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झालेली असते आणि वेचणीला मजूर शोधण्यात दिवस जातो. शिवाय त्या सुमारास दिल्लीची हवा धुरकट असते. डिसेंबर आणि जानेवारीत उत्तरेत दाट धुके पडते, रेल्वेगाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि सूर्योदयाचा ताजमहाल कित्येकदा दिसतच नाही. तूर निघाल्यावर, हरभरा सोंगायच्या आधी, फेब्रुवारीत जे आठ दिवस मोकळे सापडतात ते सर्वांत चांगले. मुलगा अकरावीत आहे म्हणून हे जमते. पुढच्या फेब्रुवारीत त्याची बारावीची परीक्षा असेल, तेव्हा सहल पुढे ढकलू नये. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते. ती तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी आणि आईंसाठी खालचा बर्थ मागून घ्यावा.

प्रश्न : आम्ही चौघी शिक्षिका याच मार्गाने जाण्याचा विचार करीत आहोत. एक गाडीवाला किलोमीटरप्रमाणे दर सांगतो, दुसरा पाच दिवसांची एकरकमी किंमत सांगतो. एका सहकारी शिक्षिकेचे दीर तर स्वतःची गाडी घेऊन येतो, फक्त डिझेल आणि वरखर्च द्या, असे म्हणतात. कोणते बरे?
— एक शिक्षिका, वरुड

उत्तर : किलोमीटरचा दर ऐकायला स्वस्त वाटतो, पण त्यात एक मेख असते. भाड्याच्या गाड्यांना बहुधा दररोज किमान २५० किलोमीटरचा हिशेब लावतात. पाच दिवसांचे १,२५० किलोमीटर झाले. प्रत्यक्षात आग्रा ते जयपूर सुमारे २४०, जयपूर ते दिल्ली सुमारे २८० आणि तिन्ही शहरांतील फिरणे दीडशे धरले, तरी बेरीज पावणेसातशेच्या आसपास थांबते. म्हणजे जवळजवळ निम्म्या न धावलेल्या अंतराचे पैसे तुम्ही भरता. शिवाय किलोमीटरची मोजणी तुमच्या हॉटेलपासून न होता गाडीवाल्याच्या ठिकाणापासून त्याच ठिकाणापर्यंत होते. दिल्लीला गाडी सोडल्यावर ती आग्र्याला रिकामी परतते, त्या परतीचेही पैसे मागितले जातात. तेव्हा या मार्गावर एकरकमी किंमत ठरवणेच शहाणपणाचे आहे.

मात्र त्या रकमेत काय काय धरले आहे, हे मोबाइलवर लेखी मागून घ्यावे. टोल, वाहनतळाचे पैसे, राज्यांचा प्रवेशकर, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि रिकाम्या परतीचे भाडे या पाच बाबींचा उल्लेख नसेल, तर त्या पुढे एकेक करून निघतात आणि दिल्लीच्या स्टेशनबाहेर, गाडी सुटायला अर्धा तास असताना, वाद घालावा लागतो. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी आणि उरलेली टप्प्याटप्प्याने द्यावी.

सहकारी शिक्षिकेच्या दिरांविषयी मन दुखावणारे लिहावे लागत आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि पैसे घेऊन नेताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असावीत, आणि तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटन परवाना असावा. शिवाय वरुडहून आग्र्यापर्यंतचा लांबचा पल्ला एकट्या माणसाने मारायचा आणि लगेच पाच दिवस तुम्हाला फिरवायचे, हे कोणत्याही दिरावर लादू नये. तुम्ही चौघीच असल्याने अंधार पडल्यावर महामार्गावर राहणार नाही असेच मुक्काम ठरवावेत, आणि गाडीचा क्रमांक व चालकाचा फोन निघण्याच्या आधीच घरी कळवावा.

प्रश्न : वाटाड्या घेणे गरजेचे आहे का? तो महाग पडतो आणि दुकानांत नेतो, असे ऐकले आहे.
— एक वाचक, मेहकर

उत्तर : ताजमहालात नसला तरी चालतो, फतेहपूर सिक्रीत आणि जयपूरच्या जंतरमंतरमध्ये असावा. सिक्रीत कोणता महाल कोणाचा हे पाटीवरून उमगत नाही, आणि जंतरमंतरमध्ये सांगणारा नसेल तर ती यंत्रे नुसते चढाव आणि भिंती वाटतात. तेथील सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. त्याच्या तिरक्या भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर सरकताना डोळ्यांनी दिसते आणि वेळ वाचता येते. उन्हात उभे राहून ती सावली पाहावी, हाच तेथला खरा कार्यक्रम आहे. वाटाड्याच्या गळ्यात पर्यटन खात्याचे ओळखपत्र असावे, आणि मोबदला व वेळ आधी बोलून घ्यावी.

दुकानांचे तुम्ही ऐकले ते खोटे नाही. संगमरवर, गालिचे आणि रजया यांच्या दुकानांतून गाडीवाल्यांना आणि वाटाड्यांना टक्केवारी मिळते, म्हणून त्या दुकानांना ‘कारखाना’ म्हणण्याची पद्धत आहे. जयपुरात एकदा मी अशाच एका कारखान्यात भिडेखातर दोन तास बसलो, आणि आमेरला पोहोचेपर्यंत तिकीट खिडकी बंद झाली होती. घेतलेली रजई अजून घरात आहे. तिच्यातला कापूस आपल्या अकोटच्या कापसापुढे काहीच नाही. गाडी ठरवतानाच “आम्हाला खरेदी करायची नाही” हे एकदा स्पष्ट सांगावे.

प्रश्न : शिवाजी महाराजांना आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते. हे खरे आहे का? तेथे काय पाहावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बाळापूर तालुका

उत्तर : किल्ल्यात दरबार झाला, नजरकैद किल्ल्याबाहेर होती. १२ मे १६६६ रोजी महाराज संभाजीराजांसह औरंगजेबाच्या दरबारात गेले आणि पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केल्यामुळे संतापून बाहेर पडले. त्यानंतर मिर्झाराजे जयसिंहांचे पुत्र रामसिंह यांच्या तळाजवळ त्यांच्या मुक्कामाभोवती पहारे बसले, आणि तेथूनच १७ ऑगस्ट १६६६ रोजी ते निसटले.

किल्ल्यात तुम्ही अमरसिंह दरवाजाने शिराल, कारण किल्ल्याचा बराच भाग आजही लष्कराकडे आहे. आत दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास पाहावेतच, पण मुसम्मन बुरुजाजवळ थोडे अधिक थांबावे. औरंगजेबाने बापाला, म्हणजे शाहजहानला, याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते, आणि तो जानेवारी १६६६ मध्ये येथेच वारला. त्यानंतरच औरंगजेब आग्र्यास आला आणि त्याने तेथे दरबार भरवला. म्हणजे बापाच्या मृत्यूला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा महाराज या किल्ल्यात आले. ही दोन प्रकरणे शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून ती एकाच वाड्यात आणि एकाच वर्षात घडली हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

तुम्ही बाळापूरचे आहात, म्हणून एवढे सांगतो. तुमच्या गावची मन आणि म्हैस नद्यांकाठची छत्री ज्या मिर्झाराजे जयसिंहांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनीच १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवून आणला आणि महाराजांना आग्र्यास पाठवले. आमेरच्या किल्ल्यातील शीशमहाल याच मिर्झाराजांनी बांधलेला आहे. तेव्हा आग्रा आणि जयपूर पाहण्याच्या आधी गावातल्या छत्रीखाली अर्धा तास बसून घ्या. अंगावर बाभळी वाढू दिलेली ती वास्तू मग तुम्हाला निराळी दिसेल, आणि कदाचित चारचौघांना हाताशी धरून तिच्याभोवतीची झुडपे काढावीशीही वाटतील.

प्रश्न : दिल्ली-आग्र्याला जाण्याइतका पैसा आणि सवड आमच्याकडे नाही. दोन दिवसांत पाहून होईल असे एखादे जुने शहर जवळपास आहे का?
— एक गृहिणी, जळगाव जामोद

उत्तर : तुमच्यासाठी बऱ्हाणपूर. ते मध्य प्रदेशात असले तरी तुम्हाला नागपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि दिवसाच्या भाड्याने गावातलीच पिवळ्या पाटीची गाडी मिळू शकेल. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मध्ये याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात झाला. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिचे शव काही महिने दफन केलेले होते, नंतर ते आग्र्याला नेले. १६६७ मध्ये मिर्झाराजे जयसिंहही येथेच वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ बांधलेली ‘राजा की छत्री’ शहराबाहेर मोहना नदीजवळ आहे.

पहिल्या दिवशी तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातील हमामखाना पाहावा. हमामाच्या छतावरील रंगकाम अजून टिकून आहे, त्यासाठी मान वर करून पाहायला विसरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा पाहावा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्याने शहरात आणण्याची ही योजना १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना झाली. हिंदी दोह्यांचे कवी रहीम ते हेच. वरून पाहिले तर रांगेने विहिरीच विहिरी दिसतात, आणि त्या सर्वांच्या तळाशी एकच प्रवाह वाहत असतो. एका कुंडीतून खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे की नाही हे शहरातच चौकशी करून मग निघावे. दिवस शिल्लक राहिला तर असीरगड सुमारे वीस किलोमीटरवर आहे, पण त्यासाठी दुपारचे ऊन टाळावे आणि गडावर पाण्याच्या बाटल्या घरूनच न्याव्यात.