कंटेनरच्या स्कॅनपुढे बसणारी माणसं : वाचकांचे प्रश्न

सीमेवरच्या मालतपासणीबद्दल लिहायला लागल्यापासून येणाऱ्या पत्रांत एक समजूत हमखास असते : स्कॅनर बसवला की तपासणी झाली. यंत्र सावली काढून देतं, एवढंच. त्या सावलीत घोषणापत्रातला माल आहे की आणखी काही, हे पडद्यापुढे बसलेला इमेज अ‍ॅनालिस्ट ठरवतो, आणि त्याच्या नेमणुकीचा विचार सगळ्यात शेवटी होतो. या खेपेचे बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत. विचारणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

मला चष्मा आहे. या कामासाठी अपात्र ठरेन का?

चष्म्यामुळे नाही. रंगांधळेपणा मात्र आधी तपासून घ्या, कारण पडद्यावर रंगछटांचं काम असतं. नेत्रतज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्या. मोबाइलवरच्या ठिपक्यांच्या चाचणीवर विसंबू नका.

विमानतळावर आठ वर्षं बॅगा तपासलेले कर्मचारी आमच्याकडे बदलून येत आहेत. दोन दिवसांची तोंडओळख पुरेल ना?

नाही. बॅगांचं यंत्र साधारण १६० किलोव्होल्टवर चालतं. मालाच्या स्कॅनरमध्ये ६ एमईव्हीचे, म्हणजे कित्येक पट जास्त ऊर्जेचे, किरण असतात, सुमारे ३०० मिलिमीटर पोलादाच्या पार जाणारे. बॅगेत नारिंगी म्हणजे सेंद्रिय आणि निळं म्हणजे धातू, ही सवय इथे घात करते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडणाऱ्या यंत्रावर रंग मिळतात, पण ढोबळ गट कळण्यापुरतेच, आणि माल जाड झाला किंवा एकावर एक आला की तेही भरवशाचे राहत नाहीत. शिवाय ४० फुटी डबा अनेकदा एकाच बाजूने दिसतो. आतली सव्वादोन मीटरहून जास्त रुंदी एकाच सावलीत चेपलेली असते.

मुख्य फरक प्रश्नातच आहे. बॅगेत शोधायचं असतं, चाकू आहे का. डब्यात विचारायचं असतं, घोषित केलेला माल असाच दिसतो का. फरशीच्या टाइल्स घ्या. त्या इतक्या जड की वजनाची मर्यादा डबा अर्धा भरायच्या आतच गाठली जाते, त्यामुळे वरची जागा मोकळीच दिसायला हवी. टाइल्स म्हणून घोषित केलेला डबा छतापर्यंत भरलेला दिसला, तर चित्रात एकही संशयास्पद आकृती नसताना हात थांबला पाहिजे. हे बॅगांपुढे बसून येत नाही, माल भरताना आणि उतरवताना यार्डात उभं राहून येतं. या लोकांची नजर तयार आहे, ती वाया घालवू नका. त्यांना काही आठवडे यार्डात पाठवा आणि अभ्यासक्रम यंत्राच्या उत्पादकाचा प्रशिक्षक व तुमचे प्रत्यक्ष तपासणी करणारे अधिकारी यांना एकत्र बसवून ठरवा.

एका पोर्टलसाठी, म्हणजे गाड्या आतून जाताना स्कॅन करणाऱ्या कमानीसाठी, किती पदं मागावीत? वरिष्ठ म्हणतात, तीन पाळ्या, तीन माणसं.

तिघांतल्या एकाला ताप आला की पोर्टल बंद ठेवणार, की न बघता गाड्या सोडणार?

हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. माणशी ४० तास धरले तर एक खुर्ची अखंड भरलेली ठेवायला ४.२ माणसं लागतात. त्यात कुणी सलग आठ तास चित्रं बघू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं की टक लावून वाट बघण्याच्या कामात पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष ढळायला लागतं. युरोपीय संघाच्या हवाई सुरक्षा नियमांत सलग २० मिनिटं चित्रं बघितली की किमान १० मिनिटं पडद्यापासून सुट्टी, असं बंधन आहे. हा नियम विमानतळापुरता. पण डोळे तेच असतात. तो लावला तर प्रत्यक्ष बघण्याचा वेळ दोन तृतीयांश उरतो आणि ४.२ चे ६.३ होतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून आठ म्हणा.

हे आठ एका खुर्चीचे. तुमच्या पोर्टलमधून तासाला १०० गाड्या जात असतील आणि एका चित्राला दोनच मिनिटं दिली, तरी तासाला २०० मिनिटांचं काम उभं राहतं, म्हणजे गर्दीच्या वेळी चार खुर्च्या. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा केला की तिकडे निघालेला प्रत्येक कंटेनर २०१२ पर्यंत परदेशी बंदरातच स्कॅन व्हावा. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. खर्च, जागा, व्यापाराचा खोळंबा अशी कारणं बरीच होती, पण एवढी चित्रं बघायची कुणी, हा प्रश्न त्यांतून सुटला नव्हता.

माझा आकडा उचलून फाइलवर लिहू नका. आधी गाड्यांची तासवार नोंद काढा, खऱ्या चित्रावर सरासरी किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजा, आणि ते कागद घेऊन मनुष्यबळ विभागाकडे जा.

सॉफ्टवेअर कंपनी म्हणते, ९८ टक्के अचूकता आहे, निम्मी माणसं कमी करा.

हे पत्र मला वर्षातून चार-पाच वेळा येतं, फक्त टक्केवारी बदलते. १०,००० गाड्यांत समजा १० गाड्यांमध्ये गैरमाल आहे. सगळ्याच गाड्यांना डोळे मिटून ‘स्वच्छ’ म्हणणारं सॉफ्टवेअर ९९.९ टक्के अचूक ठरतं आणि एकही गाडी पकडत नाही. आता उलट बघा : त्याने दहाच्या दहा पकडल्या, पण स्वच्छ गाड्यांपैकी फक्त २ टक्क्यांवर उगीच घंटा वाजवली. झाल्या सुमारे २०० खोट्या घंटा. ती २१० चित्रं कोण बघणार? ज्यांना तुम्ही कमी करायला निघालात तेच.

विक्रेत्याला विचारा : किती सुटले, किती खोट्या घंटा, आणि चाचणी कुणाच्या चित्रांवर झाली. तिसऱ्या प्रश्नाला माहितीपत्रक पुढे सरकवलं तर बैठक संपवा. सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. रिकामा म्हणून आलेला डबा खरंच रिकामा आहे का, चित्र घोषित मालाशी जुळतं का, अशा चाळणीला ते चांगलं. पण करारावर सही करण्याआधी तुमच्याच चित्रांवर, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकारासमोर ते चालवून बघा.

गरोदरपणात इमेज रूममध्ये काम केलं तर चालतं का?

चित्र केबलवरून येतं, किरण येत नाहीत, त्यामुळे दूरच्या खोलीत धोका नसतो. खोली स्कॅनरला लागून असेल किंवा यार्डात ये-जा असेल, तर आजच किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि खोलीच्या मोजणीचा अहवाल बघायला मागा. तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. सहकाऱ्यांचे सल्ले, धीराचे असोत की भीतीचे, बाजूला ठेवा.

आमचे अनुभवी लोकही दिसण्याजोग्या गोष्टी सोडतात. दरवर्षी उजळणी वर्ग होतो, तरी फरक नाही. कुठे चुकतंय?

उत्तर लांबणार आहे, कारण माझं दुखणं इथेच आहे. आधी मला सांगा : तुमच्या माणसाने खूण केली, डबा बाजूला घेतला, उघडला, आत काय निघालं हे त्याला कोण कळवतं?

एका केंद्रावर मी शिकवायला गेलो होतो. चार वर्षं तिथे असलेला एक जण फोर्कलिफ्टच्या चित्रापाशी थांबला. मागच्या बाजूला काळाकुट्ट ठोकळा, किरण जराही पार न गेलेले. त्याने दोन सेकंद पाहिलं आणि ‘ठीक’चं बटण दाबलं. का, विचारलं. म्हणाला, “पूर्वी मी हे काढायचो बाजूला. साहेब ओरडायचे, गाड्या अडतात म्हणून.” ठोकळा कसला, हे त्याला माहीत नव्हतं. तो काउंटरवेट होता, उचललेल्या ओझ्याला तोल देणारा ओतीव लोखंडाचा. यार्डातल्या अधिकाऱ्यांनी तो दर वेळी पाहिला, ‘आक्षेपार्ह काही नाही’ असं लिहिलं आणि कागद फाइलला लावला. चार वर्षांत हा माणूस शिकला ते इतकंच, की काळा ठोकळा दाखवला तर बोलणी बसतात. आम्ही त्याला यार्डात नेऊन काउंटरवेटवर हात ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी तसंच चित्र आलं, तेव्हा त्याने आपणहून त्याच मॉडेलची जुनी चित्रं मागवली, ठोकळ्याचा आकार जुळतो का बघायला.

हे झालं अडवलेल्या डब्यांचं. सोडलेल्या डब्यांत काय होतं ते तर कधीच कुणाला कळत नाही. म्हणून ‘ठीक’ दिलेल्यांतले काही डबे चिठ्ठ्या टाकून उघडले पाहिजेत. यावर मी इतक्या वेळा ‘व्यापार अडतो’ हे ऐकलंय की आता मोजणं सोडलं.

त्यात गैरमाल मुळातच दुर्मीळ. नजर कसं शोधते याचा अभ्यास करणारे जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला : गर्दीच्या चित्रांत अवजारं शोधायची. अवजार निम्म्या चित्रांत असताना लोकांनी ७ टक्के सोडली. शंभरात एका चित्रात असताना ३० टक्के. माणसं तीच, डोळे तेच. जे सापडत नाही ते शोधणं मन सोडून देतं, आणि वर्षातून एकदा स्लाइड दाखवून ते परत येत नाही. उपाय म्हणजे रोजच्या कामात मध्येच गैरमालाची बनावट चित्रं सोडणं आणि उत्तर त्याच क्षणी पडद्यावर देणं. विमानतळांवर हे रुळलेलं आहे. पण चित्रसंग्रह सतत बदलावा लागतो, नाहीतर लोक चित्रं पाठ करतात. आणखी एक बघा : एक गोष्ट सापडली की बाकीचं चित्र बघितलं जातं का? अघोषित सिगारेटींची खोकी दिसली म्हणून पुढचा अर्धा डबा तसाच सोडून देण्याची चूक मी चांगल्या-चांगल्यांकडून पाहिली आहे.

तपास चालू असलेल्या प्रकरणात चित्र वाचणाऱ्याला कितपत सांगायचं, ते विधी विभागाला विचारून ठरवा. पण ‘गोपनीय’चा शिक्का मारून काउंटरवेटसुद्धा लपवू नका.

शिशाच्या आवरणात ठेवलेलं स्कॅनरला दिसत नाही, हे खरं का?

शिसं दिसतं. ते घोषणापत्रात नसेल तर डबा उघडायचा.

यंत्र सहा महिन्यांनी येणार. भरती यंत्र बसल्यावर करावी का?

आज सुरू करा. खरं तर उशीर झालाच आहे. यंत्र स्वीकारण्याच्या चाचणीत तुमची माणसं नसतील, तर चित्र चांगलं आहे हे विक्रेताच विक्रेत्याला सांगेल. तोवर त्यांना यार्डात ठेवा आणि दुसऱ्या केंद्राकडून सरावाला चित्रं मागा. वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं एकाच ठिकाणी उघडावीत म्हणून जागतिक सीमाशुल्क संघटनेने सामाईक फाइल-स्वरूप तयार केलं आहे. तुमच्या खरेदी करारात त्याची अट आहे का, ते खरेदी विभागाला याच आठवड्यात विचारा. नंतर घालायची म्हटलं तर वेगळे पैसे मागतात.