माशांच्या टाकीतल्या झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणलास, आता घाई करू नको

भाऊ, जळगावचा मे महिना आधी डोळ्यांसमोर आण. टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना तर तो जास्त लागतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की मासे वर येऊन धापा टाकतात. माझे नऊ टेट्रा मासे एका रात्रीत गेले, कारण गॅस बंद करायचा राहून गेला होता. अजून वाईट वाटतं. म्हणून सोलेनॉइड, म्हणजे विजेवर गॅस उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह, आणि टायमर लावच. वीज गेली की सोलेनॉइड आपोआप बंद होतो. दिवे लागायच्या दोन तास आधी गॅस सुरू कर, विझायच्या तासभर आधी बंद. उन्हाळ्यात रात्री एअर पंप चालू ठेव.

सेकंदाला एक बुडबुडा, इथून सुरुवात कर, पण भरवसा ड्रॉप चेकरवर, म्हणजे पाण्यातला गॅस रंगाने दाखवणाऱ्या टाकीतल्या छोट्या कुपीवर ठेव. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) तयार द्रावणच घाल. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, त्यात रंग फसवतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर, पिवळा दिसला की लगेच गॅस कमी कर. एकदा कमी-जास्त केलंस की रंग बदलायला तास-दोन तास जातात, तोवर नीडल व्हॉल्व्हला, म्हणजे गॅस बारीक कमी-जास्त करायच्या चावीला, पुन्हा हात लावू नको.

सिलिंडर उभाच ठेव, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात कधीच नको. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघ. आत द्रव आहे तोवर दाबाचा काटा जवळपास स्थिर असतो; तो झपाट्याने उतरू लागला की त्याच दिवशी भरायला ने.