निरोध वापरला होता, तरी मनातून भीती जात नाही

(ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नोकरी असे तपशील बदलले आहेत.)

वय 28, कारखान्यात नोकरी, लग्न दोन महिन्यांवर. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, तो आला तेव्हा खिशात खाजगी लॅबचे एचआयव्ही चाचणीचे दोन रिपोर्ट होते. एक संबंधानंतरच्या तिसऱ्या दिवसाचा, दुसरा आठव्या दिवसाचा, दोन्ही निगेटिव्ह. तो आला तो नववा दिवस होता.

"मॅडम, याहून मोठी टेस्ट असेल तर लिहून द्या. पैशाचं मी बघतो."

मित्रांबरोबर फिरायला गेला असताना देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीशी त्याचा संबंध आला होता. निरोध वापरला होता. पण परतल्या दिवसापासून झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी घसा खवखवला, मग अंगावर पुरळ आल्यासारखं वाटू लागलं. मोबाइलवर वाचलेलं प्रत्येक लक्षण त्याला स्वतःत दिसत होतं.

'निरोध वापरला' एवढ्यावर समुपदेशकाने थांबून चालत नाही. निरोध सुरुवातीपासून होता की शेवटी शेवटी लावला? मध्ये निसटला का? फाटला का? बाहेर येताना तळाशी धरून काढला होता का? पाकीट दातांनी फाडलं होतं का? वंगण म्हणून तेल, व्हॅसलीन, लोशन असं काही लावलं होतं का? शेवटचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. लॅटेक्स, म्हणजे निरोधाचं रबर, तेलाने काही मिनिटांत कमकुवत होतं. खोबरेल तेल लावून निरोध फाटल्याची तक्रार घेऊन येणारे कमी नसतात. पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या आधारावरचं वंगणच चालतं. एकावर एक दोन निरोध घातल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, घर्षणाने फाटण्याची शक्यता वाढते. महिनोन् महिने पाकिटात, नोटांमध्ये दाबून ठेवलेला निरोधही भरवशाचा नसतो.

त्याची सगळी उत्तरं स्वच्छ होती. सुरुवातीपासून लावलेला, मुदतीतला, निसटला नाही, फाटला नाही. "पण डोळ्यांना न दिसणारं भोक असेल तर?" ही शंका जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. कारखान्यात प्रत्येक निरोध विजेच्या साहाय्याने तपासून मगच पाकिटात जातो, आणि न फाटलेल्या लॅटेक्समधून एचआयव्हीचा विषाणू आरपार जात नाही. वापरताना निरोध फाटतो तेव्हा तो सहसा चांगलाच फाटतो, नजरेतून सुटेल असा नाही.

मग त्याला आकडा हवा होता. आकडा सांगावा, लपवू नये. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे, तिच्यावर उपचार चालू नाहीत आणि निरोध अजिबात वापरलेला नाही, असं धरलं तरी योनीमार्गाच्या एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत सुमारे 4 आणि स्त्रीला सुमारे 8 असते. गुदमार्गाच्या संबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला ती सुमारे 138. गुप्तरोगाची जखम असेल किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर शक्यता वाढते. ती व्यक्ती नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, घेत असेल आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला असेल, तर संबंधातून लागण होतच नाही. त्याच्या बाबतीत निरोध शेवटपर्यंत शाबूत होता. म्हणून या प्रसंगासाठी ना औषधाची गरज होती, ना महागड्या टेस्टची. चुंबनाने, घामाने, थुंकीने एचआयव्ही पसरत नाही, हेही त्याने विचारलं म्हणून सांगितलं.

घशाचं काय? एचआयव्हीची लागण झाल्यावर काहींना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात, पण त्या साधारण 2 ते 4 आठवड्यांनी. दुसऱ्या दिवशीचा घसा एचआयव्हीचा असू शकत नाही. शिवाय हीच लक्षणं साध्या सर्दीतापातही असतात. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, दोन्ही बाजूंनी: लक्षणं असली म्हणून आहे असं नाही, नसली म्हणून नाही असंही नाही.

त्याच्या हातातले दोन रिपोर्ट खोटे नव्हते, पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड किंवा गवाक्ष काळ म्हणतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी अँटिबॉडीबरोबर, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांबरोबर, विषाणूचा पी-24 हा भागही शोधते. ती 45 दिवसांनी निगेटिव्ह आली तर निकाल भक्कम समजतात. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड किटसाठी पूर्ण 3 महिने धरायचे. तिसऱ्या आणि आठव्या दिवसाची चाचणी सांगते ती या संबंधाच्या बऱ्याच आधीची गोष्ट.

आणि इथेच खरं बोलणं सुरू झालं. "आजची चाचणी आधीचं सांगते, मग आधी कधी निरोधाशिवाय संबंध आला होता का?" असं विचारल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "दीड वर्षापूर्वी एकीशी नातं होतं. पण ती तसली नव्हती मॅडम. चांगल्या घरातली होती. तिथे निरोध कशाला?" सात-आठ महिने, एकदाही निरोध नाही.

लोक धोका माणसाकडे बघून मोजतात, कृतीकडे बघून नाही. ज्या एका रात्री त्याने सगळं नीट केलं होतं त्या रात्रीची त्याला धास्ती होती, आणि ज्या सात-आठ महिन्यांत काहीच संरक्षण नव्हतं ते त्याच्या मनातही नव्हते. त्या मुलीला काही असेल असं अजिबात म्हणायचं नाही. तिला तरी तिच्या आधीच्या जोडीदाराचं काय ठाऊक? चेहरा, घर, जात, शिक्षण यावरून एचआयव्ही कळत नाही. देहविक्रय करणाऱ्या अनेक स्त्रिया नियमित तपासणी करतात आणि निरोधाबाबत ग्राहकापेक्षा जास्त काटेकोर असतात, हे तर फार कमी लोकांना माहीत असतं.

म्हणून लॅबचे रिपोर्ट हाताशी असले तरी केंद्राची चाचणीही त्याच दिवशी केली. त्या जुन्या नात्यासाठी विंडो पिरियड केव्हाच संपला होता. आयसीटीसीत चाचणी मोफत असते. आधी समुपदेशन, मग संमती, मग रक्त. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पहिलं किट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर रिपोर्ट निगेटिव्ह. रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. त्यामुळे बाहेर कुठे एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी कोलमडून न जाता आयसीटीसीत यावं. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. त्याचा निगेटिव्ह आला.

सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणीही सुचवली, कारण सिफिलिस, हर्पिस हे आजार निरोधाने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही होऊ शकतात. आणि 3 महिन्यांची तारीख कार्डावर लिहून दिली, मन निश्चिंत करायला. मधल्या काळात दर आठवड्याला लॅब गाठायची नाही, एवढं मात्र बजावलं. वारंवार चाचणीने भीती दोन दिवस उतरते आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परत येते. अपराधीपणा रक्ताच्या चाचणीने उतरत नाही. होणाऱ्या बायकोला फसवल्याची टोचणी त्याला जास्त होती, आणि त्यावर वेगळं, शांतपणे बोलणं झालं.

जाता जाता त्याने विचारलं, "रक्तदान केलं तर फुकटात कळतं ना?" हे कोणीही, कधीही करू नये. रक्तपेढी तपासते, पण विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून सुटू शकतं आणि ते थेट एखाद्या रुग्णाच्या शिरेत जातं. शंका असेल तर चाचणी केंद्र, रक्तदान शिबिर नव्हे.

निरोध फाटला किंवा आत राहिला असता तर सगळा सल्ला वेगळा असता. तेव्हा डेटॉल, लिंबू, साबणाने आत धुवायचं नाही. त्याने नाजूक त्वचेला इजा होते आणि धोका वाढतो. साध्या पाण्याने बाहेरून धुवायचं आणि रुग्णालय गाठायचं. लागण टाळणारी पीईपी नावाची औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि रोज घेऊन 28 दिवस पूर्ण करावी लागतात. ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. मेडिकलमधून मनाने घेऊ नयेत. औषधं घेतली तर चाचणीचा काळ कोर्स संपल्यापासून मोजतात. आसपासचं केंद्र माहीत नसेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.

तीन महिन्यांनी तो ठरल्या तारखेला आला, रिपोर्ट निगेटिव्ह घेऊन गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा दारात उभा. या वेळी सोबत एक मित्र होता, मान खाली घातलेला.

"याचा काल रात्री फाटला, मॅडम. अकराच्या सुमारास. म्हणजे दहा तास झाले. त्याला डेटॉल, साबण काही लावू दिलं नाही."

दोघांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. दुपारच्या आत मित्राची पहिली गोळी पोटात गेली होती.