कानशिलाचे दुखणे आणि डोळ्यापुढची अंधारी

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून देवगडजवळ गावी राहते. महिनाभर तिचे उजवे कानशील ठणकते आहे, वेणी घालताना फणी लागली तरी कळ येते आणि भाकरी चावताना जबडा इतका भरून येतो की हल्ली ती पेजेवरच भागवते. परवा उजव्या डोळ्यापुढे पाचेक मिनिटे अंधारी आली आणि आपोआप गेली. मोतीबिंदू असेल, गणपतीला मुंबईची मंडळी आली की दाखवू, असे ती म्हणते. तोवर थांबावे का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मुळीच थांबू नये, अजून दाखवले नसेल, तर आजच न्यावे. मोतीबिंदूने दृष्टी हळूहळू धूसर होत जाते, पाच मिनिटांपुरती जाऊन परत येत नाही. आपण लिहिलेली लक्षणे एकत्र पाहता पहिला संशय जायंट सेल आर्टरायटिसचा, म्हणजे धमन्यांच्या भिंतींना सूज आणणाऱ्या विकाराचा येतो. तो पन्नाशीनंतर होतो, सत्तरीपुढे अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो. युरोपच्या मानाने आपल्याकडे तो कमी असल्यामुळे डोकेदुखीचे खापर उन्हावर आणि जबड्याचे दातांवर फुटते.

जबड्याकडे मात्र नीट पाहावे. चावताना स्नायूंना जास्त रक्त लागते आणि सुजून अरुंद झालेल्या धमनीतून ते पोचत नाही. म्हणून चावताना दुखते व थांबल्यावर शमते. दातदुखी सहसा अशी वागत नाही. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या अशाच बंद झाल्या, तर नस मरते आणि दृष्टी न दुखता अचानक जाते. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही, आणि उपचार न झाल्यास काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. आईची अंधारी ही त्याची पूर्वसूचना असू शकते.

डॉक्टर रक्ताची ईएसआर व सीआरपी तपासणी (शरीरातली सूज दाखवणारी) सांगतील, पुढे कानशिलाच्या धमनीची सोनोग्राफी किंवा बायोप्सी, म्हणजे धमनीचा छोटा तुकडा काढून तपासणे. परंतु संशय दाट असेल, तर अहवालांची वाट न पाहता सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू करतात; त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत बायोप्सीत आजार दिसू शकतो. त्यामुळे आधी तालुक्याच्या फिजिशियनला गाठावे आणि कोल्हापूर किंवा गोव्याला केव्हा न्यायचे, ते त्यांनाच विचारावे. डोळ्याला धोका असल्यास बहुधा तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात.

गोळ्यांनी डोकेदुखी दोन-चार दिवसांत पळते आणि घरचे औषध बंद करून मोकळे होतात. तसे करू नये. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अनेकदा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, हळूहळू उतरवावी लागते. तेवढ्या काळात साखर, रक्तदाब आणि हाडे यांवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून आईला मधुमेह असल्यास तो पहिल्याच भेटीत सांगावा. आणि दवाखान्यात डोकेदुखीपासून सुरुवात न करता डोळ्यापुढची अंधारी आधी सांगावी.