झिका, गर्भ आणि प्रयोगशाळेतील उंदीर

प्रश्न : मी सासवडजवळच्या गावात राहते आणि बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. 2021 मध्ये बेलसरला डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूचा रुग्ण सापडला, तेव्हा आशासेविका असलेली माझी आई गरोदर स्त्रियांची यादी करत घरोघर फिरत होती. गरोदरपणातील विषाणुसंसर्गावर संशोधन करावे, असे तेव्हापासून मनात आहे. मात्र हे काम प्राण्यांवर चालते. आमच्या घरात माळ आहे. आजोबा म्हणतात, जीव घेऊन शिकायचे ते कसले शिक्षण?

उत्तर : आजोबांचा प्रश्न आधी घेते, कारण प्रवेशपरीक्षांची माहिती कुठेही मिळेल; या प्रश्नाचे उत्तर मात्र तुलाच शोधायचे आहे.

2015 मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मू लागली आणि झिकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. विषाणू वार (गर्भाला पोसणारा, प्रसूतीनंतर बाहेर पडणारा अवयव) ओलांडून गर्भापर्यंत कसा पोहोचतो आणि गर्भारपणाच्या कोणत्या टप्प्यात त्याचा घाला अधिक खोल असतो, हे जाणण्यासाठी कोणत्याही स्त्रीला मुद्दाम संसर्ग करता येत नाही, म्हणून प्राण्यांकडे वळावे लागले. तिथेही अडचण होती. माणसाच्या पेशीतील स्टॅट2 हे प्रतिकाराच्या कामातील प्रथिन झिका नष्ट करतो, उंदराचे तेच प्रथिन मात्र त्याला नष्ट करता येत नाही. त्यामुळे साधा उंदीर या विषाणूला सहसा दाद देत नाही. मग इंटरफेरॉनला (विषाणू शिरल्याचा इशारा पेशींना देणाऱ्या प्रथिनाला) प्रतिसाद न देणारे उंदीर वापरतात, आणि आईची प्रतिकारशक्तीच दुबळी केल्यावर मिळालेले उत्तर निरोगी स्त्रीला कितपत लागू पडते, हा प्रश्न उरतोच. शिवाय उंदराचे गर्भारपण जेमतेम 19-20 दिवसांचे असते आणि त्याच्या मेंदूची बरीच वाढ जन्मानंतर होते. ऱ्हीसस माकडीण सुमारे 165 दिवस गर्भ वाढवते आणि तिची वार माणसाच्या वारेशी अधिक जुळते; पण माकडांवरील काम फार खर्चिक असते, थोड्याच प्राण्यांवर करता येते आणि मनावरही अधिक भार टाकते. कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्राणी घ्यायचा आणि कोणता प्रश्न प्राण्याविना सुटेल, हे ओळखणे हेच या कामातील खरे कसब आहे, असे मी मानते.

रोजचे काम कसे असते, तेही सांगते. नर-मादी रात्री एकत्र ठेवतात आणि सकाळी मादीच्या योनिमार्गात घट्ट झालेला वीर्याचा गोळा दिसतो का, ते पाहतात. दिसला, की तिथून गर्भाचे दिवस मोजायचे. त्यानंतर सुट्टी असो वा सण, मादीचे वजन ठरल्या वेळी करावे लागते. शेवटी तिला कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने मारून प्रत्येक गर्भ आणि त्याची वार वेगवेगळी तोलतात. हे तुझ्या हातून होईल का, याचे उत्तर पुस्तकातून मिळणार नाही.

आपल्याकडे असा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. त्या समितीत शास्त्रज्ञ नसलेली, पण समाजाची जाण असलेली एक व्यक्तीही असते. प्राण्याऐवजी दुसरे काही चालेल का, संख्या कमी करता येईल का, यातना घटवता येतील का, हे तिथे विचारले जाते. आजोबांचा प्रश्न त्या टेबलावरही असतो, हे त्यांना अवश्य सांग.

वाट तशी सरळ आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था 1952 पासून डासांतून पसरणाऱ्या विषाणूंवर काम करते आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असा तिचा विषाणुशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. पुढे पीएच.डी.साठी नेट-जेआरएफसारखी संशोधन-शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागेल. मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे; गर्भ आणि वार यांचा अभ्यास करायचा असेल, तर तिकडेही लक्ष ठेव.

प्राण्यांचे काम जमणार नाही असे ठरले, तरी विषय सुटत नाही. प्रसूतीनंतर संमतीने मिळालेल्या वारेच्या पेशींवर संसर्गाचा अभ्यास करता येतो, झिका पसरवणाऱ्या एडिस डासांवर काम करता येते, आणि संसर्ग झालेल्या गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावाही करता येतो. तुझ्या आईने केलेल्या यादीसारख्या नोंदींपासूनच त्याची सुरुवात होते.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प ठरवण्याआधी, या सुट्टीत, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र घेऊन प्राणिगृह असलेल्या एखाद्या संस्थेत काही आठवडे काम करण्यासाठी अर्ज कर. तिथे जे पाहशील ते घरी आजोबांना काहीही न लपवता सांग आणि मगच एम.एस्सी.चा अर्ज भर.